बिडाचा पंप बिडाचाच दिसावा म्हणून: कॅड मॉडेल रेंडरसाठी कसं तयार करायचं

कोल्हापुरातल्या एका पंपवाल्यांसाठी मी पहिलं रेंडर, म्हणजे कॅड मॉडेलवरून कॉम्प्युटरनं काढलेलं फोटोसारखं चित्र, केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. एक एचपीचा, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मोनोब्लॉक पंप होता, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र जोडलेला. सॉलिडवर्क्स या कॅड प्रोग्रॅमची फाइल आली, ती होती तशी रेंडरमध्ये ओढली, निळा रंग दिला, लाइट लावले आणि कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवला. सकाळी मालकांनी मोबाइलवर चित्र दोन बोटांनी मोठं करून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, हा जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा दिसतोय. आमचा पंप उचलताना माणसाचा खांदा निघतो."

पुढचे दोन दिवस मी लाइट इकडून तिकडे हलवत बसलो. काही फरक पडेना, कारण खोट लाइटमध्ये नव्हतीच. कॅडमध्ये असतो तो डिझायनरनं ठरवलेला पंप. फोटोत येतो तो फौंड्रीतून, लेथवरून आणि पेंटबूथमधून फिरून आलेला पंप. या तीन ठिकाणी त्याचं जे काही होतं, ते मॉडेलमध्ये कुठेच नोंदलेलं नसतं. आणि कॅमेऱ्याला जन्मात न दिसणारे इंपेलर, बेअरिंग, वाइंडिंग मात्र सगळे इमानेइतबारे भरलेले असतात. त्यामुळे तयारीचं काम दोन बाजूंनी चालतं: न दिसणारं काढायचं आणि वर्कशॉपनं जे केलं ते परत घालायचं.

खाली तोच पंप धरून सगळं सांगतो. माझा रस्ता सॉलिडवर्क्स, मग फ्रीकॅड, मग ब्लेंडर असा आहे, कारण पुढची दोन्ही फुकट आहेत. तुमच्याकडे कीशॉट असेल तर ते कॅडची फाइल थेट उघडतं आणि मधली एक पायरी वाचते. बाकीचं काम मात्र चुकत नाही.

पहिली पायरी: कॉम्प्युटर उघडण्याआधी

शक्य असेल तर कारखान्यात जा. जमत नसेल तर व्हॉट्सॲपवर फोटो मागवा, पण कॅटलॉगमधले नकोत. डिस्पॅचला उभा असलेला पंप, दिवसाच्या उजेडात, चारही बाजूंनी, आणि एक फोटो अगदी जवळून, सोबत रुपयाचं नाणं ठेवून. या नाण्याच्या फोटोवरून ओतकामाचा दाणा केवढा आहे ते कळतं. पुढे त्याचा फार उपयोग होतो.

मग चार गोष्टी विचारून घ्या. पंप जोडल्यावर रंगवता की आधी? जोडून रंगवत असाल तर बोल्टच्या डोक्यांवरही रंग येतो, आणि तसाच तो रेंडरमध्येही यायला हवा. कुठले भाग मशिनिंग केलेले आणि उघडे राहतात? गॅस्केट बाहेरून दिसतं का? नेमप्लेट रिव्हेटची की स्टिकरची? ही माहिती ड्रॉइंगमध्ये नसते, फोरमनच्या डोक्यात असते.

पाचवा प्रश्न चित्राच्या आकाराचा. ए४ कॅटलॉगचं पान ३०० डीपीआयला २४८० पिक्सेल रुंद होतं. प्रदर्शनाच्या सहा फुटी स्टँडीला १०० डीपीआय धरलं तरी उंची ७२०० पिक्सेल. हा आकडा आधी हवा, कारण जाळी (मॉडेलचे केलेले त्रिकोणी तुकडे) किती बारीक करायची ते त्यावर ठरतं. पुढे त्याचा हिशेब येतोच.

दुसरी पायरी: कॅडमध्येच करायची साफसफाई

सगळ्यात आधी असेंब्लीची वेगळी कॉपी करा. कारखान्याच्या मूळ फाइलला हात लावायचा नाही. एकदा माझ्याकडून चुकून सप्रेस केलेल्या (मॉडेलमध्ये बंद करून ठेवलेल्या) बेअरिंगसकट फाइल परत गेली होती, आणि त्यांच्या बीओएममधून, म्हणजे सुट्या भागांच्या यादीतून, बेअरिंगच गायब झालं. तो फोन अजून कानात आहे.

आता आतलं काढायला सुरुवात करा. इंपेलर, मेकॅनिकल सील, रोटर, स्टेटर, बेअरिंग, टर्मिनल बॉक्सच्या आतली वायरिंग आणि कपॅसिटर, सगळं सप्रेस. एकच काळजी घ्या: सक्शनच्या तोंडातून किंवा फॅन कव्हरच्या फटींतून आत काय दिसतं ते बघून मगच काढा. फॅन कव्हरमागचा पंखा काढला की फटींतून थेट पलीकडचा उजेड दिसतो, आणि मोटर पोकळ आहे हे कुणालाही कळतं. तिथे पंखा ठेवायचा. सक्शनच्या तोंडात इंपेलरचा मधला भाग दिसत असेल तर तोही ठेवायचा.

मग आटे. काही डिझायनर हौसेनं बोल्टवर खरे आटे काढतात. एम६ चा बोल्ट, २० मिमी आटे, १ मिमी पिच म्हणजे वीस फेरे. एका फेऱ्याचे ७२ तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्याला आठ त्रिकोण लागले, तर एका बोल्टचे ११,५२० त्रिकोण होतात. असे सोळा बोल्ट म्हणजे १,८४,३२०. आणि हे सगळे आटे केसिंगच्या भोकात गाडलेले! आटे काढून साधा दांडा ठेवा. डिलिव्हरीच्या तोंडाशी आतल्या बाजूला दिसणारे दोन-तीन आटे असतील तर तेवढे राहू द्या.

कोरलेली अक्षरंही तपासा. केसिंगवर ओतकामातच उठवलेलं कंपनीचं नाव आणि फिरण्याची दिशा दाखवणारा बाण ठेवायचा; त्यानंच पंप खरा वाटतो. नेमप्लेटवरची बारीक अक्षरं कुणी कॅडमध्ये एक्स्ट्रूड केली असतील तर ती उडवा आणि प्लेट कोरी ठेवा. तिथे नंतर चित्र चिकटवायचं आहे.

आता घालायच्या गोष्टी. यातली सगळ्यात मोठी म्हणजे कडा.

कॅडमध्ये दोन फेस (पृष्ठभाग) जिथे भेटतात तिथली कड गणिती रेषा असते, तिला जाडी शून्य. खऱ्या वस्तूत अशी कड कुठेच नसते. ओतलेल्या भागाला दीड-दोन मिमीची गोलाई असते, मशिनिंगच्या कडेला अर्ध्या मिमीचा चॅम्फर (तिरका काप) किंवा निदान कानशीचा एक हात फिरलेला असतो, पत्र्याच्या कडेवर रंगाचा थर बसून ती बोथट झालेली असते. या छोट्याशा गोलाईवर उजेडाची एक पांढरी रेघ पकडली जाते, आणि त्या रेघेवरून डोळा वस्तूचं वजन आणि आकार ओळखतो. माझा पहिला पंप खेळण्यासारखा दिसला तो मुख्यतः याच कारणानं. डिझायनरनं ओतकामाच्या गोलाया "नंतर घालू" म्हणून सोडल्या होत्या, आणि ड्रॉइंगवर "अनिर्देशित फिलेट आर २" (माप न दिलेल्या कडांना २ मिमी त्रिज्येची गोलाई) अशी एक ओळ लिहून मोकळा झाला होता. पॅटर्नमेकरला तेवढी ओळ पुरते. रेंडरला ती ओळ वाचता येत नाही.

म्हणून मोठ्या, ठळक कडांच्या गोलाया कॅडमध्येच द्या: व्हॉल्यूटचा (इंपेलरभोवतीच्या गोगलगायीसारख्या केसिंगचा) बाहेरचा काठ, पायांचे कोपरे, मोटरच्या फिन्सची टोकं, फ्लँजच्या कडा. फिलेट फेल व्हायला लागला की तिथेच अडून बसू नका. बारीक कडांसाठी ब्लेंडरमध्ये दुसरी सोय आहे.

जोडांकडेही बघा. केसिंग आणि मोटरचं ब्रॅकेट कॅडमध्ये एकाच प्रतलात एकमेकांना चिकटलेले असतात. दोन्हीला निळा रंग दिला की जोडच दिसेनासा होतो आणि सगळा पंप एका ढेकळातून कोरल्यासारखा वाटतो. दोन्ही कडांना अर्ध्या मिमीचा चॅम्फर द्या, मध्ये गॅस्केट असेल तर ते अर्धा मिमी बाहेर डोकावू द्या. त्या खोबणीत सावली बसते आणि जोड वाचता येतो.

रंग हे खुणेसाठी, शोभेसाठी नाही

कॅडमध्ये मटेरियल पार्टला दिलेलं असतं: केसिंग म्हणजे बीड. रेंडरला तेवढ्यावर भागत नाही. एकाच केसिंगवर ओतीव रंगवलेला भाग आहे, मशिनिंग केलेला उघडा फ्लँजचा फेस आहे आणि सक्शनच्या आतली न रंगवलेली खरबरीत भिंत आहे. म्हणजे एकाच पार्टला तीन फिनिश.

यासाठी मी फेसवार भडक रंग देतो. रंगवलेलं ओतकाम हिरवं, मशीन केलेला फेस गुलाबी, आतलं कच्चं ओतकाम पिवळं, रबर लाल, प्लेटिंग केलेले बोल्ट जांभळे. खऱ्या रंगाशी याचा काही संबंध नाही. असे भडक रंग मुद्दाम घ्यायचे, म्हणजे एखादा फेस राहून गेला की लगेच नजरेत भरतो. सॉलिडवर्क्समध्ये हे काम अर्ध्या तासाचं आहे. तेच ब्लेंडरमध्ये त्रिकोण निवडत करायला गेलात तर अख्खी दुपार जाते.

तिसरी पायरी: फाइल बाहेर काढणं

स्टेप फाइल (वेगवेगळ्या कॅड प्रोग्रॅममध्ये उघडणारी सामाईक फाइल) काढा आणि एक्सपोर्टच्या पर्यायांत तिचा एपी२१४ हा प्रकार निवडा. एपी२०३ निवडलंत तर रंग जात नाहीत, म्हणजे आत्ताची सगळी मेहनत पाण्यात.

एसटीएल का नको, हा प्रश्न दर वेळी येतो, कारण थ्रीडी प्रिंटिंगमुळे ती फाइल सगळ्यांच्या सवयीची झाली आहे. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण असतात. एकक नसतं, पार्टची नावं नसतात, रंगांची काही धड सोय नसते. शंभर हा आकडा मिमी आहे की इंच, हे फाइलला स्वतःलाच माहीत नसतं. स्टेपमध्ये मूळ वक्र पृष्ठभाग गणितासकट जातात, त्यामुळे जाळी किती बारीक करायची ते आपल्या हातात राहतं आणि पुन्हा पुन्हा बदलता येतं.

चौथी पायरी: जाळी

रेंडर सॉफ्टवेअरला त्रिकोण लागतात. गोल सिलिंडरचे सपाट तुकडे करावेच लागतात, प्रश्न फक्त किती तुकडे हा. फ्रीकॅडमध्ये स्टेप उघडा, मेश वर्कबेंचवर जा आणि शेपपासून मेश (जाळी) बनवायचा पर्याय घ्या. तिथे दोन आकडे भरायचे असतात. सरफेस डेव्हिएशन म्हणजे त्रिकोणाची सपाट बाजू खऱ्या वक्रापासून जास्तीत जास्त किती लांब चालेल. अँग्युलर डेव्हिएशन म्हणजे शेजारच्या दोन तुकड्यांत जास्तीत जास्त किती अंशांचा फरक चालेल. दोन्हींपैकी जो नियम कडक पडेल तो लागू होतो.

आकडे अंदाजानं भरू नका, चित्रावरून काढा. समजा अंतिम चित्रात पंप २४०० पिक्सेल रुंदीत बसणार आहे आणि तो ३६० मिमी लांब आहे. म्हणजे एक पिक्सेल ०.१५ मिमीचा. वक्रातली चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत राहिली तर बाह्यरेषेवर कोपरे दिसत नाहीत. अर्धा पिक्सेल म्हणजे ०.०७५ मिमी. मी ०.०५ घेतो आणि कोन ५ अंश.

हे दोन आकडे एकमेकांना कसे सांभाळतात बघा. मोटरच्या ७० मिमी त्रिज्येच्या बॉडीला ५ अंशांच्या नियमानं ७२ तुकडे मिळतात आणि चूक ०.०६७ मिमी राहते. ०.०५ चा नियम त्याहून कडक आहे, म्हणून तुकडे ८४ च्या आसपास होतात. उलट ३ मिमी त्रिज्येच्या बोल्टला ०.०५ चा नियम फारच ढिला पडतो, तिथे ५ अंशांचा नियम पुढे येतो आणि बोल्टही गोल राहतो. दोन्ही नियम साधारण ५२ मिमी त्रिज्येला समान होतात. नुसतं डेव्हिएशन भरून कोन मोकळा सोडला की बारीक दांडे बहुकोनी निघतात, त्याचं कारण हेच.

सगळ्या पंपाला एकच मापही नको. बाहेरची मोठी कास्टिंग ०.०५ आणि ५ अंशांनी, बोल्ट-वॉशर-केबल ग्लँड असले छोटे भाग १२-१५ अंशांनी. फिन्सच्या अर्ध्या मिमीच्या गोलाईला ५ अंशांनी १८ पट्ट्या पडतात, त्या तीस फिन्सना दोन्ही बाजूंनी मोजा आणि कॉम्प्युटरचा पंखा ऐका. फिन्स वेगळ्या सॉलिडमध्ये असतील तर त्यांनाही १५ अंश पुरतात.

'अप्लाय फेस कलर्स टू मेश' वर टिक करायला विसरू नका, नाहीतर गुलाबी-पिवळं इथेच गळून पडेल. मग ओबीजे या जाळीच्या फाइलच्या रूपात बाहेर काढा. ओबीजेसोबत एमटीएल नावाची छोटी फाइल तयार होते, रंग तिच्यात असतात. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये हव्यात. ओबीजे एकटीच ईमेल करणारे लोक मी रोज बघतो.

जाळी जड झाली म्हणून ब्लेंडरमध्ये डेसिमेट (त्रिकोण कमी करणारं साधन) लावायचा मोह होतो. लावू नका. डेसिमेटला सिलिंडर आणि सपाट फेस यांतला फरक कळत नाही. तो त्रिकोण कुठूनही खातो आणि चकचकीत भागावर भाजलेल्या पापडासारखे फोड दिसायला लागतात. फ्रीकॅडमध्ये परत जा, कोन वाढवा, पुन्हा काढा.

पाचवी पायरी: ब्लेंडरमध्ये आणणं

ब्लेंडरमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर. मिमीतली ओबीजे तशीच आणली तर पंप ३६० मीटर लांबीचा होतो. इंपोर्टच्या वेळी स्केलमध्ये ०.००१ भरा. मग पंप निवडून कंट्रोल+ए दाबा आणि स्केल व रोटेशन अप्लाय करा. उजव्या पॅनेलमध्ये लांबी ०.३६ मीटर दिसली की पुढे जा. हे खुळचट वाटतं, पण मापं खरी नसली तर डेप्थ ऑफ फील्ड, बंप, काचेची जाडी, लाइटचा वॅट, काहीच अपेक्षेप्रमाणे वागत नाही. लांबून नीट दिसणारी वस्तू 'छोटी प्रतिकृती' किंवा 'राक्षसी पुतळा' वाटते ती यामुळे.

वरची दिशा: सॉलिडवर्क्समध्ये वाय अक्ष वर असतो, ब्लेंडरमध्ये झेड. ओबीजे इंपोर्टरचा मूळ पर्याय वाय वर असाच आहे, म्हणून सॉलिडवर्क्सचा पंप बहुधा सरळ उभा राहतो. झेड वर धरून काढलेलं मॉडेल असेल तर ते आडवं पडेल. तिथे इंपोर्टमध्येच अप ॲक्सिस झेड करा.

जवळून फोटो घ्यायचा असेल तर आणखी एक जागा बघून ठेवा. कॅमेऱ्याचा क्लिप स्टार्ट मुळात ०.१ मीटर असतो, म्हणजे दहा सेंटीमीटरच्या आतलं काही दिसतच नाही. नेमप्लेटच्या क्लोजअपला अर्धी मोटर कापल्यासारखी दिसली तर घाबरू नका, तो आकडा ०.०१ करा.

मग नॉर्मल, म्हणजे प्रत्येक फेसचं तोंड कुठल्या दिशेला आहे, ते तपासा. व्ह्यूपोर्टच्या ओव्हरलेमध्ये फेस ओरिएंटेशन चालू केलं की उलटे फेस लाल दिसतात. पूर्ण सॉलिडमधून आलेल्या मेशमध्ये हे क्वचित होतं, पण कुणी सरफेस मॉडेलिंगनं फॅन कव्हर बनवलं असेल तर हमखास. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट+एन दाबा.

सुटे बिंदू जोडायला मर्ज बाय डिस्टन्स वापरणार असाल तर त्याचा मूळ आकडा बघा: ०.०००१ मीटर, म्हणजे ०.१ मिमी. बारीक गोलाईच्या पट्ट्या यापेक्षा अरुंद असतात, त्या एकमेकींत विरघळून जातात. ०.०००००१ भरा.

काळे डाग

आता शेड स्मूद (तुकडे सलग गुळगुळीत दाखवणारा पर्याय) लावा, आणि बहुतेक वेळा इथेच हिरमोड होतो. सपाट फ्लँजवर धुरकट काळपट ओघळ येतात. कारण असं: गोलाई आणि सपाट फेस जिथे मिळतात तिथल्या बिंदूचा नॉर्मल दोघांची सरासरी घेतो, आणि तो किंचित वाकलेला नॉर्मल मग सपाट फेसवरच्या लांबच लांब त्रिकोणांमधून पार पलीकडे पसरतो.

उपाय दोन टप्प्यांत. आधी शेड स्मूद बाय अँगल, ३० अंश. आपल्या जाळीत गोलाईच्या शेजारच्या पट्ट्यांत १५ अंशांहून जास्त फरक नाही, म्हणून त्या गुळगुळीत होतात आणि ९० अंशांची कड टोकदार राहते. जाळी काढताना कोन जपला होता त्याचा फायदा इथे होतो. नंतर वेटेड नॉर्मल मॉडिफायर लावा. तो मोठ्या फेसला जास्त मान देतो, म्हणून सपाट भाग सपाट दिसतो आणि सगळा वळसा गोलाईत राहतो. जुन्या व्हिडिओंमध्ये ऑटो स्मूदची टिक सांगितलेली असते, ब्लेंडर ४.१ पासून ती टिक गेली आणि तिच्या जागी स्मूद बाय अँगल हा मॉडिफायर आला. शोधत बसू नका.

चकचकीत भागावर डाग गेले की नाही हे कसं ओळखायचं? सगळ्या पंपाला एकच मटेरियल द्या: मेटॅलिक १, रफनेस ०.१, आणि पट्ट्यापट्ट्यांचा एचडीआरआय (सगळीकडून उजेड देणारं ३६० अंशांचं चित्र). पॉली हेवन या साइटवर स्टुडिओचे एचडीआरआय फुकट मिळतात. पंप फिरवून पट्ट्या कुठे अडखळतात ते बघा. रंगवल्यावर जी चूक लपते ती क्रोमवर ओरडते.

एकसारखे बोल्ट सोळा असतील तर एकच ठेवून बाकीचे ऑल्ट+डी नं ठेवा, म्हणजे डेटा एकच राहतो. प्रत्येक बोल्ट थोडा वेगळ्या कोनात फिरवा. कॅडमध्ये सगळ्या षटकोनी डोक्यांची तोंडं एकाच दिशेला असतात. कुठल्याही फिटरनं जगात असे बोल्ट आवळलेले नाहीत.

सहावी पायरी: उरलेल्या कडा

कॅडमध्ये फेल झालेल्या फिलेटसाठी सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात बेव्हल नोड (मटेरियलमध्ये जोडायचा ठोकळा) आहे. तो आकार बदलत नाही, कडेजवळचा नॉर्मल वळवून गोलाईचा भास करतो. रेडियस ०.०००३ भरा, म्हणजे ०.३ मिमी. चौकटीत ०.००० दिसेल, त्यावर डबल-क्लिक केलं की खरा आकडा दिसतो. हा नोड ईव्ही या ब्लेंडरच्या दुसऱ्या, वेगवान इंजिनात चालत नाही आणि रेंडरचा वेळ वाढवतो, म्हणून ज्या मटेरियलला गरज आहे तिथेच लावा. आणि बाह्यरेषेवर तो काही करू शकत नाही: आकाशासमोर दिसणारी कड टोकदारच राहते. म्हणून मोठ्या कडा कॅडमध्ये करा असं वर म्हटलं.

सातवी पायरी: मटेरियल

आता त्या भडक रंगांचं चीज होतं. ब्लेंडरमध्ये पाच-सहा मटेरियल आलेली असतील, त्यांना नावं द्या: पेंट_ओतीव, मशीन_फेस, कच्चं_बीड, रबर, बोल्ट.

पेंट_ओतीव. यावर सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण पंपाचा बहुतेक भाग हाच आहे. रंग धातूवर असला तरी दिसतो तो रंग, म्हणून मेटॅलिक शून्य. निळा निवडताना मॉनिटरवरचा झगमगीत निळा टाळा. खऱ्या एनॅमलचा निळा बराच दबलेला असतो. रफनेस ०.३ च्या आसपास. मग वाळूचा दाणा. नॉइज टेक्स्चरला ऑब्जेक्ट कोऑर्डिनेट द्या; माप मीटरमध्ये आहे, म्हणून स्केल १००० म्हणजे साधारण १ मिमीचा दाणा. नाण्याचा फोटो इथे बाहेर काढा आणि दाणा जुळवा. हा नॉइज बंप नोडला (पृष्ठभाग उंचसखल असल्याचा भास देणारा), डिस्टन्स ०.०००१. बंपच्या नॉर्मलमध्ये आधीचा बेव्हल नोड जोडा, म्हणजे कड आणि दाणा दोन्ही एकत्र बसतात. त्याच्या जोडीला दुसरा एक मोठा नॉइज, स्केल ४०-५०, अगदी हलका. ओतीव पृष्ठभाग लांबूनही आरशासारखा सपाट नसतो, प्रतिबिंब थोडं लहरतं. मालकांना 'वजन' दिसलं ते या दुसऱ्या नॉइजमुळे.

कॅडमधून यूव्ही (चित्र पृष्ठभागावर कुठे बसवायचं याचा नकाशा) येत नाही, पण वरच्या पद्धतीत त्याची गरजही पडत नाही. चित्र वापरायचंच असेल तर इमेज टेक्स्चरचं प्रोजेक्शन बॉक्स करा, ब्लेंड ०.२ ठेवा.

मशीन_फेस. मेटॅलिक १, राखाडी रंग, रफनेस ०.३५. लेथवर निघालेल्या फेसवर वर्तुळाकार बारीक ओरखडे असतात आणि उजेड त्यावर पंख्यासारखा पसरतो. अॅनिसोट्रॉपिक ०.६ ते ०.८ आणि टँजंट नोड रेडियल. टँजंटचं केंद्र ऑब्जेक्टच्या चौकटीच्या मध्यावर धरलं जातं, म्हणून तो फ्लँजचा फेस पी दाबून वेगळा ऑब्जेक्ट करा. केसिंगलाच चिकटून राहिला तर पंखा भलत्याच ठिकाणी उघडतो.

कच्चं बीड म्हणजे पेंटचंच मटेरियल, रंग काळपट तपकिरी आणि रफनेस ०.७. रबर: रंग पूर्ण काळा नको, ०.०२-०.०३ ठेवा, नाहीतर ते भोक दिसतं. बोल्ट रंगवलेले असतील तर पेंट_ओतीवच द्या, पण दाण्याशिवाय.

नेमप्लेट. फक्त या एका फेसला यूव्ही काढायचा. ८० बाय ५० मिमीची प्लेट ६०० डीपीआयला १८९० बाय ११८१ पिक्सेल होते, तेवढं चित्र पुरे. प्लेट बॉडीच्या प्रतलातच असेल तर दोन फेस एकमेकांवर भांडतात आणि काळे-पांढरे ठिपके येतात, तिला ०.०५ मिमी वर उचला. मजकूर कारखान्याकडून लेखी घ्या. आयएसआय चिन्ह आपल्या मनानं टाकू नका, परवाना नसताना ते वापरणं बीआयएस कायद्याखाली गुन्हा आहे, आणि रेंडर हीसुद्धा जाहिरातच असते.

तुमच्या वस्तूत पारदर्शक भाग असेल, समजा मिक्सरचं जार, तर त्याला खरी जाडी हवी. एकाच पातळ पृष्ठभागाला काचेचं मटेरियल दिलं की ते भरीव ठोकळ्यासारखं वागतं. पॉलिकार्बोनेटला आयओआर (अपवर्तनांक) १.५८, पाण्याला १.३३. पाण्याचा पृष्ठभाग जारच्या भिंतीत किंचित घुसवा. मध्ये हवेची फट राहिली की पाणी पिशवीत भरल्यासारखं दिसतं.

लाइटबद्दल थोडकंच. एक मोठा एरिया लाइट वरून-बाजूनं, एक लांब अरुंद मागून कडेसाठी, आणि हलका एचडीआरआय. कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ ७०-८५. सॅम्पल्सचा (दर पिक्सेलला उजेड जास्तीत जास्त किती वेळा मोजायचा) मूळ आकडा ४०९६ असतो. नॉइज थ्रेशोल्ड ०.०१ आणि डीनॉइज चालू असेल तर तो बदलायची गरज नसते. पण डीनॉइज ओतकामाचा दाणा पुसत नाही ना, ते शंभर टक्क्यांवर झूम करून बघा. पुसत असेल तर थ्रेशोल्ड ०.००५ करा.

आणि मग बदल येतो

रेंडर संपत आलं की कारखान्यातून फोन येणारच: डिलिव्हरीचा फ्लँज बदलला. म्हणून पहिल्या दिवसापासून तशी सोय ठेवा. सप्रेस केलेल्या भागांची कॅडमध्ये वेगळी कॉन्फिगरेशन, भडक रंगांची एक चिठ्ठी, जाळीचे आकडे त्याच चिठ्ठीवर. ब्लेंडरमध्ये लाइट, कॅमेरा आणि मटेरियल एका फाइलमध्ये, पंपाची जाळी दुसऱ्या फाइलमधून लिंक केलेली. मटेरियल पहिल्या फाइलमध्येच राहावीत म्हणून ती जाळीच्या डेटावर देण्यापेक्षा ऑब्जेक्टच्या स्लॉटवर दिलेली बरी. नवा फ्लँज आला की फक्त तो पार्ट त्याच आकड्यांनी काढायचा, पाच रंगांना पाच मटेरियल लावायची आणि रात्री रेंडर लावून झोपायचं.

त्या पंपाचं दुसरं रेंडर पाहून मालक काही वेळ गप्प होते. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हा खालचा ड्रेन प्लग पितळी का? आम्ही जोडून रंगवतो." मी विचारायचं विसरलो होतो.